मुलांना निवासी उन्हाळी शिबिराला पाठवण्यापूर्वी पालकांनी काय काय विचारून घ्यावे?

रंकाळाकाठची

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा पाचवीची परीक्षा दिली. ती दहा वर्षांची आहे आणि आजोळ सोडल्यास आमच्याशिवाय ती कोठेही मुक्कामाला राहिलेली नाही. मे महिन्यात पन्हाळ्याच्या पायथ्याशी पाच दिवसांचे निवासी शिबिर आहे. वर्गातल्या दोन मैत्रिणी निघाल्या आहेत, म्हणून हिनेही हट्ट धरला आहे. तिच्या बाबांची संमती आहे, सासूबाईंचा ठाम विरोध आहे आणि मी अजून काहीच ठरवू शकलेले नाही.

शिबिराचे पत्रक माझ्यासमोर आहे. पहाटे साडेपाचला उठणे, सूर्यनमस्कार, तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठी पाहणे, तिरंदाजी, रॅपलिंग (दोराच्या साहाय्याने कडा उतरणे), पोहणे, रात्री शेकोटी आणि गाणी, असे सगळे तासातासाने छापले आहे. मात्र रात्री साडेनऊला 'झोप' लिहिले आहे आणि त्यापुढे थेट दुसऱ्या दिवसाची पहाट आहे. मधल्या आठ तासांत माझी मुलगी कोठे असेल, तिच्याजवळ कोण असेल, हे त्या चकचकीत कागदावर कोठेही नाही. ज्यांनी मुलांना अशा शिबिरांना पाठवले आहे किंवा जे स्वतः शिबिरे घेतात, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत. आयोजकांना फोन करताना नेमके काय विचारावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

पेठेतला_बाप

ताई, माझे मत आहे की जरूर पाठवा. आमच्या लहानपणी शिबिर हा शब्दही घरात नव्हता. परीक्षा संपली की पिशवीत दोन कपडे घालून आम्हांला एसटीत बसवून देत आणि कंडक्टरला सांगत, की याला गारगोटीला उतरवा. पाठीला रिकामा डबा बांधून मामाने मला विहिरीत सोडले, तेव्हा मी जेमतेम आठ वर्षांचा होतो. दिवसभर आम्ही मळ्यात असायचो आणि घरच्यांना आमची आठवण जेवणाच्या वेळी यायची. आजची मुले चार भिंतींत आणि मोबाइलमध्ये अडकली आहेत. पाच दिवस त्यांना मातीत, उन्हात, इतर मुलांबरोबर राहू द्यावे. थोडे खरचटले तरी चालेल.

ऊसमळा

दादा, तुमचे म्हणणे मला मनापासून पटते, पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तुम्हांला विहिरीत सोडणारा तुमचा सख्खा मामा होता आणि त्याची नजर सतत तुमच्यावर होती. कंडक्टरही बहुधा त्या मार्गावरचा रोजचा असणार. तुम्ही मोकळे वाढलात, पण त्या मोकळेपणाभोवती ओळखीच्या माणसांचे कडे होते. शिबिरात मुलांना सांभाळणारी माणसे आपण एकदाही पाहिलेली नसतात. म्हणून मोकळीक द्यावी, आणि ते कडे कोणाचे आहे हे आधी पाहून घ्यावे.

पेठेतला_बाप

हे मान्य आहे. मामा काठावर पाय सोडून बसलेला असायचा आणि दुसरे कोणतेही काम त्या वेळी करत नसे. हे मी लिहायला विसरलो होतो.

सह्यवाट

मी गेली चौदा वर्षे मुलांची निवासी शिबिरे आणि दुर्गभ्रमण घेतो. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सविस्तर लिहितो.

धागाकर्तीने साडेनऊनंतरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आहे, तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. आजवर मी पाहिलेल्या लहानमोठ्या अपघातांपैकी फारच थोडे प्रत्यक्ष दोरावर घडले. दोरावर असताना सगळ्यांचे लक्ष असते. अपघात होतात ते दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात. जेवणाच्या रांगेतून मुले पळतात, प्रशिक्षक सामान आवरत असताना एखादा मुलगा बुरुजाच्या कडेला जाऊन बसतो, कोणी अंधारात एकटाच लघवीला उठतो. म्हणून आयोजकांना 'काय काय शिकवणार' हे थोडे विचारा आणि 'मधल्या वेळात मुले कोणाच्या ताब्यात' हे अधिक विचारा. किती मुलांमागे एक मोठा माणूस आहे, हा आकडा विचारताना स्वयंपाकी, चालक आणि कॉलेजात शिकणारे हौशी मदतनीस त्यातून वगळायला सांगा. उरलेला आकडा हा खरा आकडा.

साहसी प्रकारांविषयी: महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीची प्रत मागा. चांगला आयोजक प्रत मागितल्याने दुखावत नाही. रॅपलिंगच्या वेळी मूल ज्या दोरावरून उतरते, त्याखेरीज सुरक्षेचा दुसरा, स्वतंत्र दोर त्याच्या हार्नेसला (कमरेला बांधलेल्या पट्ट्यांना) जोडलेला असतो का आणि तो कोण सांभाळतो, हे विचारा. हेल्मेट मुलांच्या मापाचे हवे. मोठ्यांचे हेल्मेट लहान डोक्यावर पट्टा आवळून बसवलेले मी पाहिले आहे. मान वाकवली की ते डोळ्यांवर येते आणि मूल घाबरून दोर सोडू पाहते.

आता आपल्या भागाचे. मे महिन्यात दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नसतो. सकाळी निरभ्र असलेले आकाश चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळे होते, आधी धुळीचा लोट येतो, मग विजा. अशा वेळी पठारावर किंवा तटावर मुले असता कामा नयेत आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. प्रमुखाच्या फोनमध्ये ते आहे का, इतके विचारले तरी माणूस किती तयारीचा आहे ते कळते.

आणखी एक. काही मंडळी मे महिन्यात मुलांना पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेवर नेतात. शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये या वाटेने विशाळगडाकडे गेले, ते भर पावसात. म्हणूनच या वाटेवरची पदभ्रमण मोहीम जुलैमध्ये होते. मे महिन्यात वाटेतल्या मसाई पठारावर सावली नसते आणि पाणीही मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलांना तेथे दुपारी चालवणे हे इतिहासप्रेम नव्हे. गडावर आग्या मोहोळे असतील तर धूर आणि अत्तर दोन्ही वर्ज्य असतात. शेकोटी मोहोळाखाली पेटवणारे लोकही मी पाहिले आहेत.

बालरुग्ण

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सह्यवाट यांनी लिहिलेल्याला माझी पुरवणी.

पहिली विनंती अशी, की आरोग्याचा अर्ज खरा भरावा. दमा, फिट्स, शेंगदाण्याची किंवा अन्य कशाचीही ॲलर्जी, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, सुरू असलेली औषधे, यांपैकी काहीही 'उगाच प्रवेश नाकारतील' या भीतीने लपवू नये. आपल्याकडच्या चटणीत, पोह्यात, चिक्कीत शेंगदाणे किंवा दाण्याचे कूट सर्रास असते. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या ताटात ते स्वयंपाक्याच्या नकळत येऊ शकते, म्हणून प्रमुखाप्रमाणेच स्वयंपाक्यालाही सांगावे. दम्याच्या मुलाचा इनहेलर सामानाच्या खोलीत ठेवू नये. तो त्याच्या जवळ किंवा सोबतच्या ताईदादांच्या खिशात असावा.

उन्हाबद्दल: मुले खेळाच्या भरात पाणी मागत नाहीत, त्यांना ठरावीक वेळाने पाजावे लागते. बारा ते साडेतीन या वेळेत मैदानावर कार्यक्रम असेल तर ते शिबिर मला पसंत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची असते. अर्धी पुडी पेल्यात टाकून देऊ नये. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग चटका बसेल इतके तापले, तर त्याला सावलीत नेऊन लगेच पाण्याने अंग गार करावे आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते बसून राहू नये.

विंचू आणि साप यांचा विषय टाळता येणार नाही. दगडी गडांच्या परिसरात उन्हाळ्यात विंचू निघतात. लाल विंचवाच्या दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर वेळ घालवू नये. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या विषबाधेवर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपयोगी पडते हे दाखवले आणि त्यामुळे कितीतरी मुले वाचली, परंतु त्यासाठी मूल दवाखान्यात वेळेवर पोचावे लागते. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सर्व घातक आहे. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे. माकडाने ओरबाडले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गडावर मुलांच्या हातात खाऊ असला की माकडे अंगावर येतात.

आयोजकांना विचारण्याचा प्रश्न एवढाच: जवळचे रुग्णालय कोणते, तेथे रात्री डॉक्टर असतात का आणि शिबिरात रात्रभर उभी असणारी गाडी व चालक आहे का? मुलांना सोडून गाडी कोल्हापूरला परत येत असेल, तर प्रथमोपचाराची पेटी कितीही मोठी असो, ती पुरणार नाही.

दोन_मुलांची_आई

डॉक्टर, अर्ज खरा भरण्याविषयी तुम्ही लिहिलेत ते वाचून मी बराच वेळ थांबले, कारण ही चूक मी केली आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना महिन्यातून एखाद वेळा त्याचे अंथरूण ओले व्हायचे. शिबिराच्या अर्जात तसा प्रश्न होता आणि मी तेथे 'नाही' असे लिहिले. त्याला मात्र बजावले, की रात्री पाणी पिऊ नकोस. चार रात्रींनंतर तो परत आला तेव्हा डोळे खोल गेले होते. गाडीत बसताच माझ्या मांडीवर डोके ठेवून तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला. नंतर त्याने सांगितले, की झोप लागली तर सगळ्यांना कळेल, म्हणून तो रोज रात्री छताचे पत्रे मोजत जागा राहायचा.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या शिबिराच्या ताईंना फोन करून सगळे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "दर वर्षी तीनचार मुलं अशी असतातच. मी रात्री अकराला त्याला हळूच उठवीन." त्याच्या पिशवीत तळाशी मी एक जास्तीची चादर आणि बर्म्युडा ठेवला होता. त्यांची गरजच पडली नाही.

निवृत्त_बाई

मी सदतीस वर्षे शाळेत शिकवले आणि मुलींच्या अनेक सहली नेल्या. कोणी लिहायला धजावत नाही ते मी लिहिते.

रात्री मुलींच्या खोलीत किंवा तिला लागूनच स्त्री-प्रशिक्षक झोपते का, मुलग्यांच्या खोलीची व्यवस्था काय, कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही असा लेखी नियम आहे का, हे प्रश्न विचारताना संकोच करू नका. हे मुलग्यांच्या पालकांनाही लागू आहे, कारण मुलगे सुरक्षितच असतात हा आपला गैरसमज आहे. २०१२ चा पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा अठरा वर्षांखालील मुलगे आणि मुली या दोघांनाही संरक्षण देतो. गुन्हा घडल्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि संस्थेचा प्रमुख तेथे सुटत नाही. 'संस्थेचे नाव खराब होईल, आपसांत मिटवू' असे म्हणण्याची मुभा कोणालाही नाही. मुलांना १०९८ हा मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

एकदा एका शिबिराची जागा पाहायला मी आधी गेले होते. मैदान उत्तम होते, स्वयंपाकघर स्वच्छ होते. सवयीने मी मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार आतून लावून पाहिले. कडी होती, पण ती जिच्यात अडकायची ती कोयंडी उपटलेली होती आणि दाराला आतून सुतळी बांधली होती. मी व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाई, मुली एकमेकींना राखण करतात की." मी ती सहल तेथे नेली नाही. ज्याला एक कोयंडी ठोकून घ्यावीशी वाटत नाही, त्याच्या हाती चाळीस मुली सोपवाव्यात असे मला वाटले नाही.

मुलीशीही बोला, पण घाबरवून नव्हे. एवढेच सांगा, की तुला नको वाटणारा स्पर्श, फोटो किंवा 'आईला सांगू नकोस' अशी कोणतीही गोष्ट असेल तर ती आधी आईलाच सांगायची आणि आई रागावणार नाही. हे निघायच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी, भाजी निवडताना सहज सांगावे.

गंगावेश

कोयंडीची गोष्ट कायम लक्षात राहील, बाई. धन्यवाद.

जयसिंगपूरकर

मोबाइलचे काय? बहुतेक शिबिरांत मुलांना फोन आणू देत नाहीत. माझी पत्नी म्हणते, की रोज बोलणे झालेच पाहिजे.

सह्यवाट

जयसिंगपूरकर, आम्हीही फोन ठेवू देत नाही आणि त्याचे कारण शिस्त हे नाही. माझ्या अनुभवात मुलांना घराची सर्वाधिक आठवण दुसऱ्या रात्री येते. पहिल्या रात्री नवेपणा असतो, दुसऱ्या रात्री दमलेले असतात. नेमके तेव्हा आईचा आवाज कानावर पडला की मूल कोसळते, आणि इकडे आईही रात्रभर जागी राहते. तिसऱ्या सकाळी तेच मूल हसत असते. मात्र पालकांना रोज संध्याकाळी शिबिरातून खुशालीचा निरोप मिळायलाच हवा आणि प्रमुखांचा फोन चोवीस तास उचलला गेला पाहिजे. डोंगराच्या पोटात सगळ्या कंपन्यांची रेंज नसते, म्हणून कोणते सिम तेथे चालते तेही विचारा. खरोखर त्रास होत असलेल्या मुलाला बोलू दिलेच पाहिजे. 'रडलास तर फोन मिळणार नाही' असे म्हणणारा प्रशिक्षक मी माझ्या शिबिरात ठेवणार नाही.

आणि निघताना 'करमलं नाही तर लगेच न्यायला येतो' असे वचन देऊ नका. मूल त्या वचनाला धरून बसते.

ऊसमळा

या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. माझ्या थोरल्या मुलीला मी ते वचन दिले होते आणि तेवढ्या आधारावरच ती गेली. तिने एकदाही बोलावले नाही. मुलामुलांत फरक असतो, त्यामुळे हा निर्णय आईबापांवर सोडावा.

सह्यवाट

आपले बरोबर आहे. मी फारच ठाम लिहिले. पाळता येणार असेल तरच वचन द्यावे, असे म्हणतो.

तालमीतला

मुद्दा पोहण्याचा. पत्रकात 'पोहणे' असे लिहिले आहे, त्यावर कोणी फारसे बोलले नाही. पाच दिवसांत मूल पोहायला शिकत नाही, फक्त त्याची पाण्याची भीती जाते, आणि भीती गेलेले पण पोहता न येणारे मूल सर्वांत जास्त धोक्यात असते. बुडणारे मूल हात वर करून ओरडते असे आपल्याला वाटते, पण ते बहुधा आवाज न करता, पाहता पाहता खाली जाते. म्हणून काठावर केवळ पाण्याकडे पाहणारा, हातात फोन नसलेला, पट्टीचा पोहणारा माणूस हवा, जसा वर एका दादांचा मामा होता. हवा भरलेली ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. तलाव, नदी किंवा शेततळे असेल तर मी स्पष्ट नकार देईन. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. तो इतका निसरडा असतो की मोठ्या माणसालाही कडेने वर चढता येत नाही.

शाहूपुरीची_मावशी

धागाकर्तीची मुलगी दहा वर्षांची आहे, म्हणून एक सुचवते. या वयात काही मुलींना पहिली पाळी येते. तिला आधी समजावून सांगा आणि दोन पॅड, जास्तीची निकर आणि कागदाची पिशवी एका छोट्या कापडी थैलीत घालून द्या. माझ्या भाचीला शिबिरातच पाळी आली. थैली असल्यामुळे ती एकाही शब्दाने गडबडली नाही, उलट शेजारच्या मुलीला एक पॅड दिले.

नवबाबा

खर्चाविषयीही लिहावे. शुल्क परत मिळण्याचे नियम लेखी घ्यावेत. आमच्या मुलाला आदल्या दिवशी ताप आला आणि एका शिबिराने एक रुपयाही परत केला नाही, कारण पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसे छापले होते आणि मी ते वाचले नव्हते. ज्यांना निवासी शिबिर परवडत नाही किंवा मूल तयार नाही, त्यांनी मन लहान करून घेऊ नये. सकाळी तीन तासांचे शिबिर आणि रात्री आपल्या अंथरुणात झोप, हेही दहाव्या वर्षी पुष्कळ आहे.

रंकाळाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेतले आणि रविवारी मुलीला घेऊन आम्ही प्रत्यक्ष जागा पाहून आलो.

आयोजकांनी नोंदणीची प्रत दाखवली. मदतनीस वगळून सात मुलांमागे एक प्रशिक्षक आहे. रात्री जीप आणि चालक तेथेच मुक्कामाला असतात. दुपारी बारा ते चार मुले छपराखाली असतात. मी स्वच्छतागृहाचे प्रत्येक दार आतून लावून पाहिले. कड्या नीट आहेत. पोहण्याच्या बाबतीत उत्तर समाधानकारक नव्हते: काठावर वेगळा माणूस नाही, प्रशिक्षकच पाण्यात उतरतात. त्यामुळे आमची मुलगी पाण्यात उतरणार नाही, असे मी लेखी दिले आहे आणि ते तास ती तिरंदाजीला बसेल. आणखी चार पालकांना कळवले, त्यांनीही तसेच लिहून दिले. आता आयोजक जीवरक्षक शोधत आहेत.

मी वही उघडून प्रश्न विचारत असताना मुलगी गप्प उभी होती. निघताना तिने स्वतःच तेथल्या ताईंना विचारले, "रात्री बाथरूमला जायचं असेल तर मी कुणाला उठवू?" ताई तिला खोलीत घेऊन गेल्या आणि दाराजवळचा आपला पलंग दाखवला. ही शेजारच्या पलंगावर आडवी झाली, हात लांब करून पाहिला, तो ताईंच्या उशीपर्यंत पोचत होता. "मग मी हाच घेणार," ती म्हणाली.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या टॉवेलाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव घालायला घेतले आहे. शनिवारी सकाळी सहाला गाडी सुटेल. ती परत आली की पुढचे लिहीन.